चीनला मुलगा धाडण्यापूर्वी

भारत व चीन यांमधील थेट विमानसेवा २०२० साली बंद पडली होती, ती २०२५ च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली. आणि तेव्हापासून धार व देवास येथील आमच्या व्यापारी बंधूंत एक प्रश्न वारंवार निघू लागला आहे. माल पाहण्यासाठी व कारखानदारांशी कायमचा संबंध जोडण्यासाठी घरातील एखाद्या मुलास वर्ष-दोन वर्षे तिकडे ठेवावे की काय? ठेवावे, असे आमचे मत आहे. परंतु ज्या रीतीने आपण मुलास धाडतो ती रीत चुकीची आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगणे आम्हांस अवश्य वाटते. कारण ती चूक आम्ही स्वतः करून बसलो आहोत.

आमच्या पेढीने २०१८ च्या ऑक्टोबरात घरातील एका बावीस वर्षांच्या मुलास यिवू या शहरी धाडले. तेथील घाऊक बाजारपेठ आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक आहे. खेळणी, दिवे, कुलपे, बांगड्या, काय हवे ते तेथे मिळते. मुलाबरोबर आम्ही नमुने दिले, भावांची यादी दिली, खाकरे, शेव व मेतकूट दिले, आणि रोज रात्री नऊ वाजता फोनवर हिशेब सांगण्याची आज्ञा दिली. ७ नोव्हेंबरची दिवाळी त्याने खोलीत एकट्याने काढली. पुढे ५ फेब्रुवारीस चिनी लोकांचे नववर्ष आले. त्या सणास तेथील कारखाने व बाजार कित्येक दिवस बंद राहतात आणि पोटासाठी आलेला मजूर आपापल्या गावी जातो. ओस पडलेल्या त्या शहरातून मुलगा चौथ्या महिन्यात परत आला, तो पुन्हा गेला नाही. ‘पोरगा कच्चा निघाला,’ असे घरात बोलले गेले. आणि खोटे कशाला सांगावे, ते प्रथम आम्हीच बोललो.

त्याच उन्हाळ्यात राहिलेले व्यवहार उरकण्यासाठी आम्ही स्वतः पंधरा दिवस तेथे गेलो, तेव्हा आमचे डोळे उघडले. सबंध चीन देशात एकच घड्याळ चालते व ते आपल्याहून अडीच तास पुढे असते. आमचे रात्रीचे नऊ म्हणजे त्याचे साडेअकरा. दिवसभर बाजार पालथा घातलेल्या मुलास आम्ही मध्यरात्रीपर्यंत जागे ठेवून कुलपांचे भाव विचारीत होतो! आई आपल्या मुलाशी मन मोकळे करून बोलेल, तर तेही सोपे नाही. चीनमध्ये व्हॉट्सअॅप चालू देत नाहीत, आणि तेथे ज्यावाचून भाजीही घेणे कठीण ते वीचॅट आपल्या सरकारने २०२० पासून येथे बंद केले आहे. हिंदुस्थानी सिमकार्डाचे रोमिंग घेतले म्हणजे बोलता येते. त्याचा खर्च पेढीने उचलावा हे मात्र आम्हांस तेव्हा सुचले नाही.

आहाराविषयी आपल्या मनात जी भीती असते ती अर्धी खरी आहे. भाजी म्हणून पुढे आलेल्या पदार्थात डुकराची चरबी असणे तेथे नवलाचे नाही. तथापि ‘सू’ हा एक शब्द ज्यास नीट उच्चारता येतो, त्यास मार्ग सापडतो. सू म्हणजे निरामिष. बौद्ध मंदिरांच्या परंपरेतील हे भोजन मांसमासळी तर वर्ज्य करतेच, पण कांदा-लसूणही वर्ज्य करते. मुळा व बटाटा त्यात चालतो, तेव्हा कंदमुळाचा प्रश्न उरतोच. तो ज्याने त्याने विचारून सोडवावा. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम तेथे कसा पाळणार, असे आमच्या वहिनींस फार वाटत होते. वस्तुतः हिवाळ्यात यिवूस पाचच्या सुमारास सूर्य मावळतो हे खरे, परंतु चिनी माणूसही संध्याकाळी लवकर जेवतो. रात्री दहाला दुकान बंद करून ताटावर बसणारे आपणच. आणि उकळलेले पाणी! ज्यासाठी आपल्या घरातील वडील मंडळी प्रवासात थर्मास घेऊन हिंडतात, ते तेथे रेल्वेच्या डब्यात, स्थानकावर, कचेरीत, सर्वत्र मिळते, कारण चिनी माणूस गरम पाणीच पितो.

याहून मौजेची गोष्ट सोयाबीनची. ज्या सोयाबीनवर आज धार-देवासच्या मंड्या चालतात ते धान्य मूळचे चीनचेच. आपण त्याचे तेल काढतो व पेंड विकतो. ते लोक त्याचे पनीरासारखे तोफू करून हजारएक वर्षे खात आले आहेत. आमच्या मुलाने लहानपणापासून सोयाबीनच्या पोत्यांवर उड्या मारल्या, पण ताटात तोफू आला तेव्हा तो काय आहे हे त्यास ठाऊक नव्हते. तो उपाशी उठला.

यातील एकही गोष्ट त्यास कोणी सांगितली नाही, आणि त्यास विचारता आली नाही, कारण भाषा येत नव्हती. दुभाषा होता, परंतु दुभाषा व्यवहारापुरता, सायंकाळी तो आपल्या घरी जातो. चिनी भाषेत आवाजाच्या चढउताराने अर्थ पालटतो. ‘माय’ हा उच्चार खाली नेऊन वर उचलला तर ‘विकत घेणे’, आणि वरून झपकन खाली टाकला तर ‘विकणे’. ज्या भाषेत घेणे आणि विकणे यांत एवढेच अंतर, ती शिकण्यासाठी आम्ही आमच्या माणसास एक दिवसाचीही सवड दिली नव्हती.

येथे सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण होते. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते गेले. युद्ध चालू, डोंगराळ खेड्यांतील इस्पितळे, घरापासून हजारो मैल दूर. वडील वारल्याची वार्ताही त्यांस तेथेच कळली. तरी त्यांनी ती भाषा आत्मसात केली, त्या भाषेत विद्यार्थ्यांस शिकविले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी विवाह केला. आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, ते तेथेच वारले. आमचा मुलगा कोटणीस व्हावा अशी अपेक्षा कोणीही करणार नाही. माल घेऊन तो घरी परत यावा एवढेच आपणांस हवे. पण परक्या मुलखात जीव कशाने रमतो, हे त्या उदाहरणात दिसते. भाषा आली म्हणजे शेजारी मिळतो.

दूर कशाला, देवासचेच पाहा. बेळगावकडचे कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने जर्जर होऊन येथे आले. गाणे बंद, अंथरूण सुटेना. अशा स्थितीत त्यांनी रस्त्याने जाणाऱ्या माळवी मंडळींच्या गाण्यांकडे कान लावला, आणि १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, देवास हेच त्यांचे घर राहिले. आपली मराठी घराणी तरी पवारांच्या मागून या मुलखात परकी म्हणूनच आली होती. आज आपण बाजारात माळवी बोलतो आणि पोहे कोणाचे यावर इंदूरकरांशी भांडतो!

म्हणून आमची संघापुढे अशी सूचना आहे की, यापुढे ज्या पेढीस मुलगा धाडावयाचा असेल तिने निघण्यापूर्वी सहा महिने त्यास भाषेचा शिक्षक लावून द्यावा. आणि पोहोचल्यावर पहिले तीन महिने त्याजकडून सौद्याची अपेक्षा ठेवू नये, पगार मात्र द्यावा. हा खर्च डोईजड वाटेल. आमच्या परत आलेल्या मुलामागे किती रक्कम बुडाली तो आकडा आम्ही येथे छापीत नाही, परंतु जो सभासद दुकानी येईल त्यास वही उघडून दाखवू. दोन्ही शहरांच्या सभासदांनी मिळून यिवूस स्वयंपाकघरासह एक जागा भाड्याने घ्यावी, हेही शक्य कोटीतले आहे. हॉटेलबाहेर राहणाऱ्या परदेशी माणसास पोहोचल्यापासून चोवीस तासांच्या आत पोलिसांत नोंद करावी लागते. जागा संघाची असली म्हणजे नव्या मुलास त्यासाठी धावाधाव करावी लागणार नाही.

फोनविषयी आमचा आग्रह सर्वांत मोठा आहे. भावाची चौकशी दिवसा, बाजाराच्या वेळात, आणि तीही लेखी करावी. सायंकाळचा फोन आईचा असावा, व त्यात कुलपांचे नाव निघू नये.

आमच्या एका स्नेह्यांचा मुलगा येत्या कार्तिकी पौर्णिमेनंतर निघणार आहे. त्याची पेटी पाहावयास आम्हांस बोलावले होते. आम्ही त्यातील निम्मे खाकरे काढून तेथे एक लहानसा कुकर व शब्दांची वही ठेविली. निघताना पाहिले, तर त्याच्या आईने कुकरच्या आत खाकरे भरले होते. ते आम्ही राहू दिले.