परीक्षा द्यायची की ‘टेक’ करायची?

आमच्या गावाचं नावच नाते. म्हणून की काय, मला शब्दांपेक्षा त्यांची आपसातली नाती जास्त आवडतात.

मराठीत आपण परीक्षा देतो आणि मास्तर ती घेतात. इंग्रजीत उलटंच. ‘टेक’ करतो विद्यार्थी, ‘गिव्ह’ करतात मास्तर! एखादं पोर ‘आय गेव्ह एक्झाम’ म्हणालं की शहाणी मंडळी हसतात. मला हे हसणं पटत नाही. त्यानं फक्त मराठी सोयरीक इंग्रजीत जुळवलेली असते.

आणि आपलं ‘काढणं’ तरी कुठे सरळ आहे? आपण फोटो काढतो, कर्ज काढतो, झोप काढतो, आठवण काढतो, खोडीसुद्धा काढतो. का, ते कोण सांगणार? इंग्रजांचंही तेच. चूक ‘मेक’ करायची, गृहपाठ मात्र ‘डू’ करायचा.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. मग सुटे शब्द घोकून घेण्यापेक्षा ‘टेक अ‍ॅन एक्झाम’ अशी जोडीच मुलांच्या तोंडी बसवा की!

आमच्याच गावात १८९६ साली जन्मलेले सी. डी. देशमुख १९१८ च्या आयसीएस परीक्षेत पहिले आले. त्यांनी ती दिली की ‘टेक’ केली, ते तुम्हीच ठरवा!