सुई टोचल्यावर काय वाटावं?

गुडघ्यासाठी किंवा मानेसाठी अ‍ॅक्युपंक्चर करून घ्यावं, असं मनात आलं की पहिला प्रश्न येतो, ‘फार दुखेल का हो?’ मैत्रिणींनो, ही सुई इंजेक्शनच्या सुईपेक्षा पुष्कळ बारीक असते. टोचताना बहुतेकींना मुंगी चावल्यासारखं वाटतं, एवढंच.

सुई आत गेली की मग तिथं जडपणा, बधिरपणा, मुंग्या किंवा ठणका जाणवतो. चिनी पद्धतीत याला ‘द-ची’ म्हणतात. म्हणजे ‘ची’, प्राणशक्ती, हाती लागली. त्यांच्या मते हे चांगलं लक्षण. म्हणून तर उपचार करणारे ‘काही जाणवलं का?’ असं विचारतात. त्यांच्या बोटांनाही सुई आत धरल्यासारखी लागते. गळाला मासा लागावा तशी, असं जुने चिनी वैद्य सांगत.

जपानी पद्धतीत मात्र बरेच जण आणखी बारीक सुई वरवर टोचतात. रुग्णाला काही जाणवलंच पाहिजे, असा त्यांचा आग्रह नसतो. तेव्हा उगीच ‘हो’ म्हणू नका.

पण विजेचा झटका बसावा तशी कळ आली, आग झाली, घेरी आली, तर लगेच सांगा. सुई मज्जातंतूला किंवा रक्तवाहिनीला लागली असेल, तर ती मागे घेता येते. सोसायची सवय आपल्या अंगवळणीच पडलेली! इथं ओठ दाबून पडून राहू नका. जास्त दुखलं म्हणजे जास्त गुण येतो, असं मुळीच नाही.

आणि हो, उपाशीपोटी जाऊ नका. सुया नव्या पाकिटातल्या, एकदाच वापरायच्या आहेत ना, हेही बघून घ्या.