दहा जिंकून अकरावा हरला

क्रिकेटच्या सामन्यांविषयीं या सदरांत आम्ही सहसा लिहीत नाहीं. ज्यांना त्याची गोडी आहे त्यांना आमच्या सांगण्याची जरूर नसते, आणि ज्यांना नाहीं त्यांना तें वाचण्याची शिक्षा कां द्यावी, असा आमचा आजवरचा विचार होता. परंतु ता. १९ नोव्हेंबर २०२३ रोजीं अहमदाबादेस विश्वचषकाचा जो अंतिम सामना झाला, तो आम्हीं मालवण तालुक्यांतील एका आप्तांच्या घरीं, वीस-पंचवीस माणसांच्या मेळाव्यांत बसून पाहिला. आणि त्या दिवशीं मैदानावर जें घडलें त्याहून त्या घराच्या ओटीवर जें घडलें तें अद्याप आमच्या मनांतून जात नाहीं. तेव्हां आज हा थोडा नियमभंग वाचकांनीं पोटांत घालावा.

दिवाळी नुकतीच सरली होती. भातकापणी आटोपून खळ्याच्या कडेला गवताच्या उडव्या उभ्या राहिल्या होत्या, तुळशीच्या लग्नाला चार-पांच दिवस होते, आणि त्या वर्षीं ४ डिसेंबरचा नौसेनादिन मालवणच्या किनाऱ्यावर व्हावयाचा असल्यामुळें गांवांत त्याचीहि धांदल चालली होती. वार रविवार. मुंबईच्या मंडळींनीं परतीचीं तिकिटें काढलीं होतीं, पण तीं सोमवारचीं. सामना संपल्यावांचून कोणी हलणार नव्हतें. यजमानांनीं दूरचित्रवाणीचा संच माजघरांतून काढून ओटीवर मांडला होता. जेवणें लवकर उरकून, दुपारीं दोनच्या सुमारास, ऐंशी वर्षांच्या आत्याबाईंपासून पाळण्यांतल्या मुलापर्यंत सर्व घर तेथें गोळा झालें.

संघाविषयीं कोणाच्याहि मनांत शंका नव्हती, आणि नसावी असाच तो संघ होता. ८ ऑक्टोबरला चेन्नईस ऑस्ट्रेलियालाच हरवून त्यानें आरंभ केला, आणि तेव्हांपासून साखळीचे नऊ व उपांत्य एक असे दहाच्या दहा सामने जिंकले. श्रीलंकेचा डाव वानखेडेवर ५५ धांवांत, दक्षिण आफ्रिकेचा कलकत्त्यास ८३ धांवांत आटोपला. १५ नोव्हेंबरला न्यूझीलंडविरुद्ध विराट कोहली यांनीं आपलें पन्नासावें शतक पुरें केलें व महंमद शमी यांनीं सात गडी बाद केले. उलट ऑस्ट्रेलियाचे पहिले दोन्ही सामने गेलेले, आणि पुढें अफगाणिस्तानसमोर ९१ धांवांत सात गडी गमावल्यावर ग्लेन मॅक्सवेल या एकट्या गृहस्थानें नाबाद २०१ धांवा काढून त्यांची अब्रू राखलेली. आमच्या मंडळींत जिंकण्याविषयीं चर्चाच नव्हती. किती धांवांनीं, एवढाच प्रश्न होता. घरांतल्या एका चिरंजीवांनीं दिवाळींत उरलेली फटाक्यांची माळ रात्रीसाठीं जपून ठेवली होती.

नाणेफेक ऑस्ट्रेलियाचे कर्णधार पॅट कमिन्स यांनीं जिंकली आणि आधीं गोलंदाजी पत्करली. याचें ओटीवर हंसें झालें. रोहित शर्मा यांनीं पहिल्या षटकांपासून असा झपाटा लावला कीं, हंसणाऱ्यांना आणखी जोर चढला. इतक्यांत घरची धाकटी सून कोकमाच्या सरबताचे पेले घेऊन बाहेर आली, आणि त्याच क्षणीं रोहित यांनीं उंच मारलेला चेंडू ट्रॅव्हिस हेड यांनीं पाठमोरें धांवत जाऊन, अंग झोंकून टिपला. ४७ धांवा झाल्या होत्या. ती रिकामे पेले गोळा करावयास पुन्हां आली, तों श्रेयस अय्यर बाद. दोन्ही गडी पांच चेंडूंच्या आंत गेले होते. आत्याबाईंनीं जपमाळ खालीं ठेवली आणि म्हणाल्या, "गो, तूं आतां भायर येव नको. तुजो पाय लागलो की गडी जाता."

कोणी हंसलें, कोणी न ऐकल्यासारखें केलें. सून "बरें" म्हणून आंत गेली. वाचकहो, या सदरांतून आम्हीं शुभाशुभाच्या कल्पनांवर आजवर कितीदां कोरडे ओढले असतील! त्या वेळीं आमचें तोंड उघडलें नाहीं. पाहुण्यानें घरच्या वडील बाईस काय सांगावें, ही सबब होती. खरी गोष्ट अशी कीं, आम्हीहि तासाभरापूर्वीं मांडी बदलली नव्हती. रोहित खेळत असेपर्यंत जसे बसलों होतों तसेच बसून राहिलों होतों.

पुढचा खेळ म्हणजे शांतपणें गळा आवळण्याचा प्रकार होता. सत्याण्णव चेंडू एकहि चौकार गेला नाहीं. पहिल्या दहा षटकांत ८० धांवा झालेल्या. त्यानंतरच्या चाळीस षटकांत मिळून चौकार अवघे चार. कोहली ५४ धांवांवर कमिन्स यांचा चेंडू बॅटीची कड घेऊन यष्टींवर ओढून बसले, तेव्हां तें प्रचंड मैदान, नव्वद हजारांहून अधिक माणसांनीं भरलेलें, असें निःशब्द झालें कीं ओटीवर आवाज मोठा करावा लागला. मोठ्या जमावाला गप्प करण्याइतकें समाधान दुसऱ्या कशांत नाहीं, अशा अर्थाचें कमिन्स आदल्या दिवशींच बोलले होते. सून त्या वेळीं स्वयंपाकघरांत होती. कोहली बाद झाले याचें खापर कोणाच्या पायावर फोडावें, हा प्रश्न मात्र कोणी काढला नाहीं.

डाव २४० धांवांत संपला. दिवेलागणीला आम्ही पाणी पिण्यासाठीं आंत गेलों, तेव्हां ती विळीवर नारळ खवत बसली होती आणि शेजारीं उभ्या केलेल्या फोनवर सामना चालू होता. ही मुलगी कोल्हापुरास शिकत असतां मुलींच्या संघांतून क्रिकेट खेळलेली आहे, हें आम्हांस ठाऊक होतें. पण ठाऊक असणें आणि लक्षांत असणें या निराळ्या गोष्टी. आम्हीं राहुलना दोष दिला. १०७ चेंडूंत ६६ धांवा, आणि त्यांत चौकार एक! ती म्हणाली, "काका, त्यानें मारावें कोणाच्या जिवावर? हार्दिक पुण्याच्या सामन्यांत पाय दुखावून गेला, तेव्हांपासून सातव्याच्या मागें फलंदाज नाहीं. राहुल गेला असता तर दोनशेसुद्धां झाल्या नसत्या." मग तिनें नाणेफेकीचा उलगडा केला. खेळपट्टी कोरडी होती, उन्हांत चेंडू तिच्यावर थांबून येत होता. रात्रीं दंव पडलें कीं तीच सोपी होते. ओटीवर ज्याचें हंसें झालें, त्या माणसानें सकाळीं मैदान पाहून हें सारें ओळखलें होतें. पंचवीस माणसांनीं चार तासांत जें सांगितलें नव्हतें, तें तिनें एका नारळाची कवड संपेपर्यंत सांगितलें.

रात्रीचा भाग थोडक्यांत सांगतों. शमी व बुमरा यांनीं ४७ धांवांत तीन गडी उडवले आणि ओटीवर उत्सव झाला. "बघितलास? ती आंत हा म्हणान," असें आत्याबाई म्हणाल्या, आणि तिला बाहेर बोलवावें असें ज्यांच्या मनांत आलें असेल त्यांचींहि तोंडें बंद झालीं. त्यानंतर हेड आणि लाबुशेन यांनीं १९२ धांवांची भागीदारी केली. सून आंतच होती. हाताचें हाड मोडल्यामुळें स्पर्धेचे पहिले पांच सामने न खेळलेला, तरीहि ऑस्ट्रेलियानें संघांत ठेवून घेतलेला हा हेड १३७ धांवा काढून गेला, तेव्हां विजयाला दोनच धांवा उरल्या होत्या. त्रेचाळिसाव्या षटकांत सामना संपला. मुलें जेवावयास उठलीं नाहींत. फटाक्यांची ती माळ पुढें तुळशीच्या लग्नांत वाजली.

जेवतांना घरचे मोठे काका, जे नोकरीनिमित्त पस्तीस वर्षें मुंबईस होते, मे १९९१ च्या रणजी अंतिम सामन्याची गोष्ट सांगूं लागले. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षें करंडक आपल्याकडे ठेवणारा मुंबईचा संघ, मैदानहि घरचें; आणि कपिलदेवांच्या हरयाणानें विजयासाठीं ३५५ धांवा मागितल्या. तेंडुलकरांनीं ९६ काढल्या, वेंगसरकर १३९ वर नाबाद राहिले, आणि शेवटचा गडी धांवबाद होऊन मुंबई दोन धांवांनीं हरली. वेंगसरकर मैदानांतच रडले. काकांचें म्हणणें असें कीं, तो पराभव त्यांना कधीं सलला नाहीं. शेवटच्या चेंडूपर्यंत कोणी हात टेकले नव्हते. अहमदाबादचा सलतो, कारण तो कोणत्या क्षणीं झाला तें बोट ठेवून दाखवितां येत नाहीं. आम्हांस हा भेद पटला.

दुसरे दिवशीं कॅलिफोर्नियांतून घरच्या एका भाच्याचा फोन आला. त्याचें वेड बास्केटबॉलचें. तो म्हणाला, तुमच्या खेळांत एका दिवसावर सारें ठेवतात हीच चूक. आमच्याकडे अंतिम फेरींत चार सामने जिंकणारा विजेता, त्यासाठीं सातपर्यंत खेळावे लागतात. पण मग त्यानेंच कबूल केलें कीं, २०१६ सालीं त्याच्या लाडक्या गोल्डन स्टेट संघानें ८२ पैकीं ७३ सामने जिंकले, अंतिम फेरींत क्लीव्हलंडवर तीन विरुद्ध एक अशी आघाडी घेतली, आणि उरलेले तिन्ही सामने गमावले. आपण हिशेबच चुकीचा करतों. चार वेळांपैकीं तीन वेळां जिंकेल इतका बलवान संघ धरला, तरी चौथी वेळ कोठें जात नाहीं. दहा विजयांनीं ती पुसली जात नाहीं, आणि ती कोणत्या तारखेस येईल हेंहि त्यांनीं ठरत नाहीं. आम्ही मात्र दहा विजय म्हणजे अकराव्याची पावती समजून बसलों होतों, आणि पावती खोटी ठरल्यावर ती फाडणारा हात शोधूं लागलों.

तो हात किती ठिकाणीं शोधला गेला! हेड यांच्या घरच्या माणसांना शिव्याशापांचे संदेश धाडणारे लोक निघाले. राहुल यांस अनेकांनीं गुन्हेगार ठरविलें. स्पर्धेंत सर्वाधिक धांवा कोहली यांच्या, ७६५. सर्वाधिक बळी शमी यांचे, २४. परंतु या गोष्टी त्या आठवड्यांत बोलण्याची सोय नव्हती. या सर्व संतापांत आणि आत्याबाईंच्या उद्गारांत जातीचा फरक आम्हांस दिसत नाहीं. आत्याबाई निदान अशिक्षित असल्याचें कारण सांगूं शकतात.

या मालवणांतच १९३२ सालीं रमाकांत आचरेकर यांचा जन्म झाला. त्यांच्या शिष्यानें, सचिन तेंडुलकर यांनीं, सांगितलेली हकीकत प्रसिद्ध आहे: सरावाचा सामना टाकून ते शाळेंतल्या मोठ्या मुलांचा अंतिम सामना पाहावयास वानखेडेवर गेले, तेव्हां गुरुजींनीं त्यांस गांठून चपराक दिली आणि बजावलें कीं, दुसऱ्यांसाठीं टाळ्या पिटीत बसूं नकोस, लोक तुझ्यासाठीं टाळ्या वाजवितील असा खेळ. ओटीवरील भिंतीला टेकून ही गोष्ट आम्हींच त्या रात्रीं मुलांना सांगितली. सांगतां सांगतां आमचें लक्ष आंतल्या दाराकडे गेलें. बाहेर बसलेल्या पंचवीस जणांपैकीं एकानेंहि आयुष्यांत चामड्याचा चेंडू अंगावर घेतलेला नव्हता. घेतला होता तिनें, आणि ती भांडीं विसळत होती. सोमवारीं निघतांना आम्हीं तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "तुम्ही कांहीं बोललां नव्हतां, काका." आम्हांस तें उत्तर बरेच दिवस पुरलें.

पुढच्या वर्षीं जमिनीच्या कांहीं कागदांसाठीं आमचें त्या घरीं पुन्हां जाणें झालें, आणि ता. २९ जून २०२४ ची रात्र तेथेंच आली. बार्बाडोसमध्यें वीस षटकांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना, इकडे आर्द्रेचा धो धो पाऊस, वीज दोनदां जाऊन आलेली. या वेळीं ओटीवर सात-आठच माणसें होतीं. दक्षिण आफ्रिकेला तीस चेंडूंत तीस धांवा हव्या, सहा गडी हातांत; काका उठून निजावयास निघाले होते. वीज पुन्हां जाईल म्हणून सून कंदील ठेवावयास बाहेर आली, तोंच हार्दिक पंड्या यांनीं क्लासेनला बाद केलें. ती वळून आंत जाऊं लागली.

"खंय जाव नको," आत्याबाई ओरडल्या. "थंयच बस गो, हालां नको."

"आते, दूध ठेवलंय विरजणाचं."

"ऱ्हवांदे दूध!"

ती कंदिलाशेजारीं बसली. शेवटच्या षटकांत सूर्यकुमार यांनीं सीमारेषेवर झेल घेऊन, तोल जातांना चेंडू हवेंत उडवून, आंत येऊन पुन्हां टिपला. सात धांवांनीं सामना जिंकला, मुलें पावसांत खळ्यांत उतरलीं, आणि स्वयंपाकघरांतून करपलेल्या दुधाचा वास येऊं लागला. आत्याबाईंनीं तो ओळखला असावा, पण त्या कांहीं बोलल्या नाहींत.