चरवी पाहून म्हैस घेणारे

आमच्या पिंपळनेरात म्हैस घ्यायची तर माणूस विकणाऱ्याच्या गोठ्यात ठिय्या देतो. संध्याकाळची धार बघतो, सकाळची बघतो, सड चाचपतो, दात मोजतो. आदल्या वेळचं दूध कासेत तुंबवून तर ठेवलं नाही ना, हेही ताडतो. तोच माणूस आठवड्याने धुळ्याला जातो आणि घरच्या शेडसाठी एअर कॉम्प्रेसर घेऊन येतो. का? तर टाकी मोठी आहे! म्हणजे म्हैस दुभती की भाकड ते बघायचं नाही, शेजारी ठेवलेली चरवी केवढी आहे ते बघायचं आणि नोटा मोजायच्या.

या चरवीभक्तांत मीही होतो, म्हणून बोलायचा हक्क आहे. तीन वर्षांपूर्वी मी असाच गेलो. लाल टाकी, दोन चाकं, वर काळी मोटर आणि तिच्यावर चकचकीत लेबल: २ एचपी, ५० लिटर, ८ सीएफएम. दुकानदार आपल्याच भागातला निघाला, म्हणून अहिराणीत विचारलं, "भाऊ, हाऊ मिनिटले हवा कितली देस?" त्याने टाकीवर थाप मारली. "नाना, पन्नास लिटरनी टाकी शे ना!" मी विचारलं होतं दुधाचं, त्याने दाखवली चरवी. तिथेच चप्पल घालायला हवी होती. मी मात्र डिस्काउंट किती ते विचारत बसलो.

पुढचं ऐका. ट्रॅक्टरचा एअर फिल्टर झाडणे, मोटारसायकलच्या चाकात हवा भरणे, यात चार महिने मजेत गेले. मी गल्लीत मिरवून घेतलं. मग लेकीच्या लग्नाआधी घरातलं लोखंडी कपाट रंगवायला काढलं, आणि तेही ऐन आषाढात. पहिलं दार अर्ध्यावर आलं आणि स्प्रे गनचा फवारा मंदावला. गन थुंकायला लागली. पत्र्यावर रंग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत बसला. थांबलो, टाकी भरू दिली, पुन्हा सुरू केलं. आता रंगात पाण्याचे थेंब! टाकीखालचा ड्रेन कॉक चार महिन्यांत पहिल्यांदा उघडला, तर काळ्या चहासारखं गंजाचं पाणी भसाभसा बाहेर आलं. दाबलेली हवा तापते, टाकीत निवते आणि तिच्यातली वाफ तळाशी पाणी होऊन बसते. पावसाळ्यात तर विचारूच नका. हा कॉक रोज काम संपल्यावर उघडायचा असतो, हे मला विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पण पाणी हा धाकटा गुन्हेगार. थोरला कोण, ते मोबाइलच्या घड्याळाने पकडलं. ही तपासणी पाचवीचं पोरही करेल. यंत्र सुरू करायचं, हवा कुठेही वापरायची नाही. काटा ४ बारवर आला की घड्याळ सुरू, ६ बारवर आला की बंद. दाब वाढला २ बार, टाकी ५० लिटरची, म्हणजे बाहेरची १०० लिटर हवा आत गेली. माझ्या यंत्राला त्यासाठी ४८ सेकंद लागले. म्हणजे मिनिटाला १२५ लिटर. सीएफएम म्हणजे मिनिटाला घनफूट. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर, भागा. साडेचार सीएफएमसुद्धा भरत नाही. लेबलावर छापलेत आठ!

दुकानदाराला गाठलं तर म्हणतो, "लेबल बरोबर आहे." आणि गंमत म्हणजे बरोबरच असेल. ते आठ सीएफएम म्हणजे पिस्टनचा व्यास, त्याची धाव आणि फेरे यांचा गुणाकार. कागदावर पिस्टन तेवढी जागा झाडतो. प्रत्यक्षात झडपा गळतात, हवा तापून फुगते, सिलिंडरच्या डोक्यात थोडी उरतेच. तुमच्या हाती येते ती मोकळी हवा, जिला या धंद्यात एफएडी म्हणतात. ती कशी मोजायची याचं भारतीय मानक आहे, आयएस ५४५६. पुण्यात किर्लोस्कर न्यूमॅटिक १९५८ पासून आणि कोइंबतूरला एल्गी १९६० पासून याच धंद्यात आहेत, म्हणजे हवा मोजण्याची विद्या या देशाला नवी नाही. नवा आहे तो लेबलावर कासेचा घेर छापून तो दुधाच्या भावाने विकण्याचा कावा.

आता माझ्या कपाटाचा हिशोब. माझी गन मिनिटाला साधारण २५० लिटर हवा पिते. यंत्र देतं १२५. तूट १२५ लिटरची, ती टाकी भरून काढणार. टाकी ८ बारवरून ५ बारवर येईपर्यंत तिच्याकडे द्यायला १५० लिटर असतात. म्हणजे सव्वा मिनिटात खेळ खलास. टाकी दुप्पट घेतली असती तर अडीच मिनिटं चाललं असतं, आणि पुन्हा भरायला दुप्पट वेळ थांबलो असतो. चरवी बदलली म्हणून म्हैस जास्त दूध देत नाही.

एचपीचं नाटक तर याहून रंगतदार. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. खरी दोन एचपीची सिंगल फेज मोटर पूर्ण भारावर दहा अँपिअरच्या आसपास ओढते. गल्लीतल्या वायरमनने माझ्या वायरीला टाँग टेस्टर लावला, आकडा सहा. सहा अँपिअर खाऊन दोन एचपीचं काम करणारी मोटर मिळाली असती, तर मीच तिची पूजा घातली असती.

बरं, ती मोटर तरी टिकली का? आमच्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या गरगरतात. शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून उभा आहे. आम्ही जगाला वीज पुरवतो आणि संध्याकाळी माझ्या शेडमधल्या व्होल्टमीटरचा काटा १८०वर लोळत असतो. मोटर सुरू होतानाचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. २३०चे १८० झाले की जोर उरतो जेमतेम ६१ टक्के. त्यात मी घरातून वीस मीटर बारीक वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड ओढलेला. टाकीत दाब, मोटर घुं घुं करतेय पण फिरत नाही, आणि मी शहाणा बटण पुन्हा पुन्हा दाबतोय. तिसऱ्या वेळी धूर निघाला. वाइंडिंगवाल्याने बिल हातात देताना फक्त एवढंच म्हटलं, "नाना, जाड वायर स्वस्त पडली असती."

मग घ्यायचं काय? आधी काम सांगा. चाकात हवा भरायची आणि धूळ झाडायची एवढंच असेल, तर एक एचपीचं छोटं यंत्र पुरे. कारच्या चाकाला तीस-पस्तीस पीएसआय लागतात, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला त्याहून कमी. तिथे ८ बारची बढाई कशाला? स्टेपल गनने सोफा ठोकायचा असेल तर ऑइल-फ्री चालेल. मात्र त्याचा कर्णकर्कश आवाज घरच्यांना आधी ऐकवा आणि त्याला मधूनमधून विसावा द्या. रोज रंग मारायचा किंवा इम्पॅक्ट रेंच चालवायचा असेल, तर पट्ट्यावर चालणारा, सावकाश फिरणारा, तेलाचा कॉम्प्रेसर घ्या. गनला लागते त्याहून पाव पट जास्त हवा तो ६ बारवर देतो की नाही, ते बघूनच. आणि फक्त भोकं पाडायची, घासायचं असेल तर कॉम्प्रेसर घेऊच नका. विजेची हवा करून त्या हवेवर हत्यार चालवलं, की घातलेल्या विजेतून कामाला येते ती जेमतेम दहा-पंधरा टक्के. साधा इलेक्ट्रिक ड्रिल तेच काम कमी पैशात, मुकाट्याने करतो.

आता जुगाडवाल्यांना दोन शब्द. फ्रिजचा कॉम्प्रेसर जुन्या गॅस सिलिंडरवर बसवून "घरी बनवला" म्हणून मिरवणाऱ्यांनो, ते कौतुक नाही, तो बाँब आहे. नळाचा पीव्हीसी पाइप हवेसाठी भिंतीवर फिरवणाऱ्यांनो, तो फुटला की काचेसारखे तुकडे उडतात. १९४८च्या कारखाना कायद्याने दाबाखालच्या यंत्रांसाठी वेगळं कलम ठेवलं, ३१वं. कारखान्यात टाकी तपासायला माणूस येतो. तुमच्या शेडमध्ये कोणी येणार नाही. तिथले इन्स्पेक्टर तुम्हीच. सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग महिन्यातून एकदा ओढून बघा, टाकी आतून गंजतेय हे त्या चहाच्या रंगावरून ओळखा, आणि हवेचा पाइप कोणाच्या अंगाला लावायची मस्करी पोरांना कधीही करू देऊ नका. या मस्करीत आतडी फाटून माणसं मेली आहेत.

दुकानदाराला शिव्या देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण लबाड लेबल खपतं, कारण आम्ही प्रश्न विचारत नाही. शेतकरी म्हणवतो, पिकाचं पाणी पाहतो, जनावराची कास पाहतो आणि यंत्रापुढे मात्र शहरातल्या पाहुण्यासारखे बावळट होतो. लोखंडाला तोंड नसतं म्हणून ते खोटं बोलत नाही, अशी आमची समजूत आहे. त्याच्या अंगावर लेबल चिकटवणाऱ्याला तोंड असतं.

तेव्हा यंत्र घ्यायला जाल तेव्हा खिशात मोबाइल ठेवा. दुकानात यंत्र लावायला सांगा, ४ बारला घड्याळ सुरू करा, ६ बारला थांबवा, वाढलेले २ बार टाकीच्या लिटरने गुणा, सेकंदांनी भागा, साठने गुणा, की मिनिटाचे लिटर हाती येतात. पाच मिनिटांचं काम आहे. जो दुकानदार धार काढू देत नाही, त्याच्या दारातून रिकाम्या हाताने परत फिरा. धुळ्याचं एसटीभाडं वाया जाईल, तेवढं जाऊ द्या.