सिलिंडर पाठीवर की बगलेला?

तारकर्लीला समुद्राखाली जाऊन आलेल्या पर्यटकाच्या पाठीवर एकच सिलिंडर असतो. बुडालेल्या जहाजात किंवा पाण्याने भरलेल्या गुहेत उतरणारे टेक्निकल डायव्हर मात्र दोन किंवा अधिक सिलिंडर नेतात. ते कुठे बांधायचे, यावर त्यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालू आहे. आमच्या माळशिरसपासून समुद्र लांब आहे, पण वाद ओळखीचा आहे: रूढ पद्धत मोडायची कुणी आणि कधी?

रूढ पद्धतीत दोन सिलिंडर पाठीवर असतात, वरून एका नळीने जोडलेले. एका बाजूचा व्हॉल्व्ह बंद करावा लागला तरी दुसऱ्या बाजूने दोन्हींतली हवा घेता येते. सगळ्यांची मांडणी सारखी असली की अंधारात साथीदाराची नळीही चटकन हाताला लागते. हा मुद्दा हलका नाही.

पण इंग्लंडमधल्या अरुंद गुहांत पाठीवरचं ओझं अडकतं. तिथले डायव्हर सिलिंडर बगलेला बांधू लागले. व्हॉल्व्ह डोळ्यांसमोर राहतात, फटीतून जाताना सिलिंडर सोडून पुढे ढकलता येतो. मात्र दोन्हींतली हवा आलटूनपालटून वापरावी लागते आणि तिचा हिशोब सतत ठेवावा लागतो.

2018 साली थायलंडच्या थाम लुआंग गुहेत 12 मुलं आणि त्यांचे प्रशिक्षक अडकले होते. पाणी उपसण्याच्या कामात सल्ला द्यायला आपल्या किर्लोस्करांचे तज्ज्ञही गेले होते. गुहेत सिलिंडर पोचवण्याच्या कामावर असताना समान कुनान हा नौदलाचा माजी जवान मृत्यू पावला. शेवटी मुलांना गुंगीचं औषध देऊन, पूर्ण चेहऱ्याचा मास्क लावून, सिलिंडर पोटाच्या बाजूला अडकवून बाहेर काढलं. एरवी अशी मांडणी कुणी सुचवली असती तर तिला वेड्यात काढलं असतं. पण तिची तालीम आधी पोहण्याच्या तलावात, स्थानिक मुलांवर झाली होती. 13 जण जिवंत बाहेर आले.

माझं मत यातून बनलं आहे. वेगळी मांडणी योग्य ठरते ती तीन अटींवर. जागेची तशी गरज हवी, सुरक्षित पाण्यात सराव झालेला हवा आणि साथीदाराला ती पूर्ण ठाऊक हवी. 'माझा जीव, माझी मर्जी' हे उत्तर चालत नाही, कारण तुम्ही अडकलात की सोडवायला साथीदारच येतो.

आपल्या समाजातही वाद असेच अडतात. बापजादे करत आले एवढ्यावर थांबणाऱ्यांना कुराणानेच जाब विचारला आहे. पण इज्तिहाद म्हणजे मनाला येईल ते नव्हे; त्याला आधी इल्म लागतं आणि परिणामांची जबाबदारी घ्यावी लागते. नवं सुचवणाऱ्याला आपण 'जुनं का सोडलंस?' एवढंच विचारतो. 'तालीम कुठे केलीस?' हाही प्रश्न विचारायला हवा. आणि त्याचं उत्तर नीट आलं, तर वाट सोडायलाही शिकलं पाहिजे.