रंध्राचे शेजारी: पीक-पाणी नियोजनातील दुर्लक्षित पेशी

पिकाने मुळांवाटे शोषलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक पाणी बाष्परूपाने, मुख्यतः पानांवरील सूक्ष्म पर्णरंध्रांतून, निघून जाते. कर्बवायूही त्याच वाटेने आत येतो. त्यामुळे रंध्रे मिटून पीक वाढविता येत नाही. या देवघेवीचे सारे श्रेय प्रशिक्षणवर्गांत दोन रक्षक पेशींना दिले जाते. त्यांना खेटून असलेल्या साहाय्यक पेशी मात्र आकृतीतील नावापुरत्याच उरतात. हे दुर्लक्ष शेतकऱ्याला परवडणारे नाही.

गहू, भात, ज्वारी, मका, ऊस अशा गवतवर्गीय पिकांत रक्षक पेशी डंबेलसारख्या असतात आणि दोन्ही बाजूंना एकेक साहाय्यक पेशी असते. प्रकाश पडताच पालाश, म्हणजे पोटॅशियम, आणि क्लोराइडचे आयन साहाय्यक पेशींतून रक्षक पेशींत जातात. त्यांच्यामागोमाग पाणी जाते. रक्षक पेशी फुगतात, साहाय्यक पेशी आकसून त्यांना जागा देतात आणि रंध्र उघडते. मिटताना हाच क्रम उलटतो. मक्यातील ही ये-जा १९७१ मध्येच नोंदविली गेली. पुढे २०१७ मध्ये ब्रॅकिपोडियम या गवतावरील संशोधनात, साहाय्यक पेशी न बनणाऱ्या रोपांची रंध्रे संथ हलतात आणि पुरेशी उघडत नाहीत, असे दिसून आले.

येथे वेगाला महत्त्व आहे. ढग आल्यावर रंध्र उशिरा मिटले तर पाणी वाया जाते. ऊन परतल्यावर उशिरा उघडले तर अन्ननिर्मिती मागे पडते. म्हणूनच वाणांच्या चाचण्यांत रंध्रांची संख्या मोजून थांबणे अपुरे आहे. त्यांच्या उघडझापीचा वेगही नोंदविला गेला पाहिजे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी मुद्दा अधिक निकडीचा आहे. पालाश हे दाणे भरण्याचे आणि रोगप्रतिकाराचे खत म्हणून सांगितले जाते. पाण्याच्या संदर्भात त्याचा उल्लेख क्वचितच होतो. वास्तविक पालाशाची कमतरता असलेल्या पिकात रंध्रांची हालचाल बिघडते. ठिबकवर खर्च करून पालाशाकडे पाठ फिरविणे म्हणजे नवा नळ बसवून त्याची चावी गंजू देणे होय.

काळ्या जमिनीत पालाश भरपूर असतो, मग वेगळे खत कशाला, हा आक्षेप अनेक ठिकाणी रास्त आहे. सरसकट मात्रा वाढविणे अयोग्यच. पोटॅशची गरज देश आयातीतून भागवतो, हेही विसरता येत नाही. तथापि तृणधान्यांनी उचललेल्या पालाशाचा मोठा भाग दाण्यात नव्हे, काडात राहतो. कडबा आणि पेंढा वर्षानुवर्षे शेताबाहेर जातो, शेणखत मात्र त्या प्रमाणात परत येत नाही. अशा शेतात जुना समज कामाचा नाही. माती परीक्षणाचा ताजा अहवालच निर्णायक ठरावा.

यासाठी मोठ्या साधनांची गरज नाही. मक्याच्या पानावर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर वाळवून चिकटपट्टीने उचलला, तर शाळेतील सूक्ष्मदर्शकाखालीही रंध्र आणि त्याचे शेजारी दिसतात. पालाशाची शिफारस हाती देण्यापूर्वी शेतकऱ्याला हे एकदा दाखविले, तर खताचा आणि पाण्याचा हिशेब एकाच वहीत मांडण्याची सवय लागेल. कोरडवाहू भागात ही सवय सर्वाधिक मोलाची आहे.