सरंग्याचे वय

महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर 2023 मध्ये रुपेरी पापलेटाला, म्हणजेच सरंग्याला, राज्यमाशाचा दर्जा दिला, तेव्हा पालघर जिल्ह्यातील ज्या सातपाटी बंदराची ओळखच या माशाशी जोडलेली आहे, तेथे त्याची आवक बऱ्याच वर्षांपासून घटत आली होती आणि जाळ्यात येणारा मासाही आकाराने लहान होत चालला होता. या घसरणीचे कारण म्हणून अलीकडे हवामान बदलाकडे बोट दाखवले जाते. ते कारण खरे आहे, अपुरे आहे आणि काहींच्या दृष्टीने सोयीचेही आहे.

अरबी समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान चार दशकांपूर्वीच्या तुलनेत सुमारे 1.2 ते 1.4 अंश सेल्सिअसने वाढले आहे. वरचे पाणी तापून हलके झाले की खालच्या थंड, जड पाण्यात ते सहजासहजी मिसळत नाही. या स्थितीला स्तरीकरण म्हणतात. तळाकडची पोषकद्रव्ये मग वर येत नाहीत आणि ज्यांच्यावर समुद्रातील अन्नसाखळी उभी असते त्या सूक्ष्म तरंगत्या वनस्पती, म्हणजे वनस्पतिप्लवक, कमी होतात. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि त्याच पाण्यात माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढते. वादळांचा फटका निराळाच: 2019 मध्ये ‘क्यार’ आणि ‘महा’ ही चक्रीवादळे पाठोपाठ आली, तीही ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या ऐन हंगामात.

तथापि, समुद्राला वाईट वर्षे पूर्वीही येत असत. ती पचवण्याची माशांची क्षमता त्यांच्या साठ्यातील वयाच्या विविधतेवर अवलंबून असते. मोठी, वयस्क मादी लहान मादीपेक्षा कितीतरी अधिक अंडी घालते, आणि निरनिराळ्या वयाच्या माद्या असल्या की अंडी घालण्याचा काळही लांबतो, त्यामुळे एका महिन्यात पाणी प्रतिकूल असले तरी दुसऱ्या महिन्यातील पिल्ले वाचण्याची शक्यता राहते. मासेमारी नेमके मोठे मासे आधी काढून नेते. उरतात त्या एक-दोन वर्षांच्या माद्या, एकदाच अंडी घातलेल्या किंवा अजून न घातलेल्या. अशा साठ्याचे भवितव्य एकाच हंगामावर टांगलेले असते आणि तो हंगाम उष्ण निघाला की साठा कोसळतो, मग दोष समुद्राला दिला जातो. तापलेला समुद्र आणि अतिमासेमारी यांची स्वतंत्र बेरीज करून चालत नाही, कारण दुसरीमुळे पहिल्याचा आघात अनेक पटींनी वाढतो.

लहान सरंगा पकडला जातो तो बहुतांशी बारीक आसाच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या, जाळ्यांत. डोल हे समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना बांधून भरती-ओहोटीच्या प्रवाहात उघडे धरलेले पिशवीसारखे जाळे असते. ते बोंबील आणि जवळ्यासाठी लावले जात असल्याने त्याच्या शेवटच्या भागाचे आस बारीक असावे लागतात आणि प्रवाहाबरोबर आलेली पापलेटाची पिल्लेही त्यातच अडकतात. डोल ही कोळ्यांची जुनी, पारंपरिक पद्धत आहे हे ध्यानात घेता पारंपरिक मच्छीमार निर्दोष आणि यांत्रिक तेवढे दोषी अशी सरळ वाटणी येथे टिकत नाही, जरी पर्ससीन, म्हणजे थव्याला वेढून पकडणाऱ्या मोठ्या जाळ्यांच्या, आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीचा संहार मोठा असला तरी.

राज्याने 2023 मध्येच 54 प्रजातींसाठी पकडण्यायोग्य किमान आकार ठरवून दिला, हे पाऊल योग्यच होते. मात्र माशाचे माप बंदरावर घेतले जाते, तोवर तो मेलेला असतो. म्हणून तपासणी बोट निघण्यापूर्वी जाळ्याच्या आसाची व्हायला हवी. पश्चिम किनाऱ्यावरील मासेमारीबंदी 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची असून ती 15 ऑगस्टपर्यंत वाढवावी, ही मच्छीमार संस्थांची जुनी मागणी पिल्लांना वाढीसाठी आणखी पंधरवडा देणारी आहे. दरम्यान, याच किनाऱ्यावर वाढवण येथे सुमारे 1,448 हेक्टर समुद्र भरून बंदर उभारण्याच्या कामाची पायाभरणी ऑगस्ट 2024 मध्ये झाली, आणि डहाणू-पालघरचा हाच उथळ पट्टा माशांच्या प्रजननाचे क्षेत्र आहे, असे सांगत स्थानिक मच्छीमार या बंदराला विरोध करत आहेत.